गोष्ट भारी की खेळ भारी? एका जुन्या जपानी गेमचा वाद, आणि पलूस-कुंडलचा त्याच्याशी काय संबंध

३० सप्टेंबर २०२५ रोजी जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने आपला एक जुना व्हिडिओ गेम नव्याने बाजारात आणला. नाव 'फायनल फँटसी टॅक्टिक्स: द इव्हालिस क्रॉनिकल्स'. मूळ गेम जून १९९७चा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. तो ज्यांनी लहानपणी खेळला ते आता चाळिशीत आहेत.

जुने गेम पुन्हा विकणं हा आता रोजचाच धंदा झाला आहे, त्यात बातमी काय? बातमी अशी की एका खरेदीत इथे दोन गेम मिळतात. एक जवळपास जसाच्या तसा जुना. दुसरा सुधारलेला. सुधारलेल्यात पात्रं आवाजात बोलतात, लेखकाने काही संवाद नव्याने लिहिलेत, आणि लढाईची काठिण्यपातळी तीनपैकी निवडता येते. सगळ्यात सोपी पातळी घेतली की लढाया भराभर उरकतात आणि तुम्ही निवांत गोष्ट पाहू शकता. सगळ्यात अवघड घेतली तर प्रत्येक लढाईपुढे कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

म्हणजे जो वाद गेम खेळणारे लोक कित्येक वर्षं घालत आले, तो कंपनीने थेट मेन्यूमध्ये टाकला: तुम्हाला गोष्ट हवी आहे की खेळ?

'त्याचं आम्हाला काय' असं वाटत असेल तर दोन घडामोडी लक्षात घ्या. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीचं धोरण मंजूर केलं. ३,२६८ कोटींचा आराखडा, ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार असे त्यातले आकडे आहेत. यातून उद्या मराठी गोष्टींवरचे गेम निघतील. ते कसे असावेत हा प्रश्न मग पलूसच्या एमआयडीसीतल्या पोरापासून मंत्रालयातल्या सचिवापर्यंत सगळ्यांचाच होतो.

आधी शब्द समजून घेऊ

गेमिंगच्या जगात 'गेमप्ले' म्हणजे प्रत्यक्ष खेळण्याची रीत. बटण दाबल्यावर काय होतं, नियम काय, जिंकायचं कसं, चुकलं तर काय गमवायचं. 'स्टोरी' म्हणजे अर्थातच गोष्ट. विटीदांडूत नुसता गेमप्ले आहे, गोष्ट नाही. कुंडलच्या कुस्ती मैदानातही नियमांत गोष्ट नसते. ती बघणारे तयार करतात: हा अमक्या तालमीचा, त्याचा वस्ताद तमका, गेल्या वर्षी याने त्याला चितपट केलं होतं.

जपानी रोल-प्लेइंग गेम म्हणजे या दोन्हींची मोट. १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि या प्रकाराची वाट मळली. पुढच्या वर्षी 'फायनल फँटसी'. घडण ठरलेली. चार-पाच जणांचं टोळकं, त्यांच्यावर संकट, गावोगाव भटकंती, वाटेत शत्रू. लढाई सुरू झाली की आळीपाळीने वार करायचे. जिंकलं की अनुभवाचे गुण मिळतात, पात्रं ताकदवान होतात, गोष्ट एक पाऊल पुढे सरकते. मग पुन्हा लढाई. ४० ते ६० तासांचा हा मामला असतो आणि त्यातला मोठा वाटा लढायांचाच.

सांगलीकरांना हे समजायला अवघड नाही. या शहराला नाट्यपंढरी म्हणतात, आणि संगीत नाटकात हाच तंटा होता. नायकाने पद सुरू केलं, प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला, पद पुन्हा झालं, पुन्हा वन्स मोअर. तोवर कथानक विंगेत ताटकळत उभं. कुणी म्हणे पदांसाठीच तर तिकीट काढलं, कुणी म्हणे नाटक राहिलं बाजूला. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं १८९९ सालचं 'संगीत शारदा' टिकलं, कारण त्यातली पदं गोष्टीतूनच उगवतात. जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न गाण्यातूनच पुढे जातो. पद वेगळं काढलं तर नाटकाचा तुकडा पडतो. जपानी गेममधल्या लढाईचं तसं होतं का, एवढंच खरं म्हणजे तपासायचं आहे.

गोष्ट: इतिहासाने पुसलेला माणूस

'टॅक्टिक्स'ची गोष्ट लिहिली यासुमी मात्सुनो यांनी. इंग्लंडमधल्या पंधराव्या शतकातल्या गादीच्या युद्धांची छाया तिच्यावर आहे. इव्हालिस नावाचं काल्पनिक राज्य, शेजारच्या देशाशी ५० वर्षं चाललेलं आणि हरलेलं युद्ध, राजा मेला, वारस तान्हा, आणि गादीसाठी दोन सरदार आमनेसामने.

गोष्ट सांगणारा मात्र त्या काळातला नाही. अरॅझलम नावाचा इतिहासकार काही शतकांनंतर ती सांगतो आहे. अधिकृत इतिहासात या यादवीचा नायक आहे डेलिटा, सामान्य घरातून येऊन राजा झालेला. अरॅझलमच्या हाती मात्र जुने कागद लागलेत. ते लिहिणाऱ्याला धर्मसत्तेने जाळून मारलं आणि कागद दडपले. त्यात वेगळंच नाव आहे: रामझा. बड्या सरदार घराण्यातला धाकटा मुलगा, ज्याला धर्मद्रोही ठरवून इतिहासातून खोडून टाकलं. खरं काम त्याने केलं होतं.

रामझा सुरुवातीला कोण असतो, हे यातलं सगळ्यात टोकदार वळण. तो लष्करी शाळेतला विद्यार्थी असतो आणि त्याला पहिलं काम मिळतं दरोडेखोरांचा बंदोबस्त करण्याचं. खेळणारा खूश. वाईट माणसं आहेत, मारा. मग हळूहळू कळतं की हे दरोडेखोर म्हणजे युद्धात देशासाठी लढलेले सामान्य शेतकरी-कष्टकरी आहेत. युद्ध संपल्यावर सरदारांनी त्यांना पगार न देता हाकलून दिलं. त्यांचा म्होरक्या वीग्राफ आणि त्याची बहीण मिल्युडा यांना दरोडे घालायचे नाहीत, हक्क हवेत. मिल्युडा लढता लढता रामझाला हे तोंडावर सुनावते. आणि तरीही लढाई जिंकायची तर तिला हरवावंच लागतं. दुसऱ्या गाठीला तर मारावंच लागतं.

सिनेमात हे दृश्य पाहिलं असतं तर आपण हळहळलो असतो आणि रामझाला दोष दिला असता. इथे वार करायला चौकोन तुम्ही निवडलेला असतो. मागून वार केला तर लागण्याची शक्यता जास्त, म्हणून तुम्हीच तिच्या पाठीमागे माणूस नेऊन उभा केलेला असतो. खेळात तरबेज होणं आणि अन्यायात सामील होणं ही एकच क्रिया होऊन बसते. गोष्टीचा हा परिणाम पुस्तकाला साधणार नाही. तिथे हात आपले नसतात.

थोड्याच वेळात डेलिटाची बहीण टीएट्रा सरदारांच्या हातून मरते. ती ओलीस आहे, ती निरपराध आहे, पण ती सामान्य घरातली आहे, त्यामुळे तिच्यासकट बाण सोडायला कुणाचा हात थरथरत नाही. रामझा घर सोडतो. पहिला अध्याय इथे संपतो. 'गेममध्ये कसली आलीय गोष्ट' म्हणणाऱ्यांनी निदान एवढा भाग पाहावा.

खेळ: बुद्धिबळ, पण मोहरे तुम्ही घडवता

लढाईचं मैदान चौकोनांचं, उंच-सखल. पाच-सहा माणसं तुमची, तेवढीच किंवा जास्त समोरची. प्रत्येकाचा वेग वेगळा, त्यानुसार पाळी येते. वर आहे 'जॉब'ची व्यवस्था. साध्या शिपायांना शिकता येण्याजोगे २० पेशे: तिरंदाज, वैद्य, जादूगार, चोर, सामुराई वगैरे. एक पेशा शिकून त्यातलं कसब दुसऱ्या पेशात नेता येतं. सामुराईला वैद्यकी शिकवा, चोराला जादू. या जुळवाजुळवीत माणूस रात्र रात्र घालवतो. गोष्टीचा एक शब्दही न वाचता केवळ या व्यवस्थेसाठी हा गेम वर्षानुवर्षं खेळणारे लोक आहेत, आणि त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

काही नियम असे आहेत की ते गोष्टच सांगतात. प्रत्येक पात्राला 'श्रद्धा' नावाचा एक आकडा असतो. श्रद्धा जास्त तर जादूटोणा जास्त लागू पडतो, भला आणि बुराही. मलमपट्टीची जादू चांगली लागते, पण शत्रूची आगही जास्त भाजते. श्रद्धा फारच वाढवली तर तो शिपाई लढाईबिढाई सोडून देवाच्या वाटेने निघून जातो, पथकातून कायमचा. धर्मसत्ता लोकांच्या श्रद्धेचा वापर कसा करते ही गोष्टीची मध्यवर्ती बाब, आणि ती इथे आकडेमोडीत उतरली आहे. संवाद न वाचणाऱ्यालाही ती कळते, फक्त दुसऱ्या दाराने.

मरणाचा नियमही तसाच. शिपाई पडला की त्याच्या डोक्यावर उलटमोजणी सुरू होते. ती संपायच्या आत उठवला नाही तर तो गेला. पुन्हा येत नाही. त्याचं नाव तुम्ही वाचलेलं असतं, त्याला पेशे तुम्ही शिकवलेले असतात. गोष्टीत त्याला एकही वाक्य नाही. तरी त्याच्या मरणाचं वाईट वाटतं, आणि इतिहासात ज्यांची नावं नसतात त्यांच्याबद्दलच्या गोष्टीला ते शोभतं.

आणि जिथे दोघांचं जमत नाही

आता उणी बाजू, आणि ती लहान नाही.

कसब शिकायला गुण लागतात आणि ते लढाईत काही ना काही केल्याने मिळतात, मग ते 'काहीही' असो. त्यामुळे खेळाडूंनी फार पूर्वी एक युक्ती काढली. शेवटचा शत्रू जिवंत ठेवायचा, त्याला निकामी करायचं आणि आपल्याच माणसांनी एकमेकांना दगड मारत बसायचं. तासभर. राज्य जळतंय, राजकन्या पळवलीय, आणि नायक आपल्या जिवलग मित्राच्या डोक्यात धोंडा घालून गुण कमावतोय. नियम हे करू देतात, इतकंच नव्हे, शहाण्या खेळाडूला ते करायला सुचवतात. हा गोष्टीचा अपमान आहे, आणि तो खेळाने केला आहे.

मग सिडॉल्फस ऑरलँडू. गोष्टीत तो राज्यातला सर्वश्रेष्ठ योद्धा. तो तुमच्या पथकात आला की खरोखरच सर्वश्रेष्ठ असतो. इतका, की बाकीच्यांनी चहा प्यायला गेलं तरी चालतं. गोष्टीशी इमान राखलं, पण ३० तास घडवलेलं पथक एका क्षणात बिनकामाचं झालं. हा निर्णय मला पटतो. अनेकांना पटत नाही, त्यांचंही खरं आहे.

सगळ्यात कुप्रसिद्ध जागा म्हणजे रिओव्हानेस किल्ला. इथे वीग्राफ पुन्हा भेटतो. तोच, ज्याची बहीण तुम्ही मारली. हक्क मागणारा माणूस आता सत्तेसाठी राक्षसाशी सौदा करून बसलाय. गोष्टीच्या दृष्टीने हा कळस. खेळाच्या दृष्टीने मात्र रामझा एकटा त्याच्यासमोर उभा राहतो. रामझाला तुम्ही लढाऊ पेशा न शिकवता, समजा, नुसता मलमपट्टीवाला केला असेल, तर दोन-तीन वारांत खेळ खलास. जिंकलात तर लगेच दुसरी लढाई, मग गच्चीवर तिसरी. मध्ये बाहेर पडून ताकद वाढवायला वाव नाही. आणि एकच 'सेव्ह' ठेवून ती मधल्या टप्प्यावर केली असेल, तर मागे जायचाही रस्ता बंद. कित्येकांचा ३०-४० तासांचा खेळ १९९७ साली इथे कायमचा अडकला. गोष्ट अर्धीच राहिली.

तिसऱ्या लढाईत राफा नावाच्या मुलीला वाचवायचं असतं. तिची हालचाल संगणकाच्या हाती. ती वाचण्याऐवजी थेट मारेकऱ्यांच्या अंगावर धावून जाते. तुमची पाळी यायच्या आधीच ती कोसळली की हरलात. गोष्टीत ती शूर आणि दुःखी आहे. खेळात ती डोकेदुखी आहे. ज्या पात्राची कणव यायला हवी त्याचा राग येऊ लागला, तर लेखकाची मेहनत नियमांनी पाण्यात घातली असंच म्हणावं लागेल.

मग सोपी पातळी हा उपाय आहे का?

नव्या आवृत्तीत खेळ आपोआप सेव्ह होतो, लढाई वेगाने पळवता येते, आणि वर सांगितलेली सोपी पातळी आहेच. रिओव्हानेसला अडकून गोष्ट अर्धवट सोडण्याची वेळ आता क्वचित येईल. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला आठवड्यात तीन तास मिळत असतील तर सोपी पातळी निवडण्यात कसलाही कमीपणा नाही.

पण किंमत द्यावी लागते. शिपाई मरेनासेच झाले की उलटमोजणीला अर्थ राहत नाही. मिल्युडा दोन वारांत पडली की तिच्याशी झुंजताना जी अस्वस्थता साठते ती साठत नाही. संवाद तेच, आवाज आता उत्तम, चित्रं स्वच्छ, आणि तरी गोष्ट थोडी पातळ. खेळातून गोष्ट 'मोकळी' करताना तिचा काही भाग खेळातच राहून जातो, कारण तो कधी संवादांत नव्हताच.

म्हणून 'गोष्ट किती टक्के, खेळ किती टक्के' असा तराजू लावणं मला चुकीचं वाटतं. प्रश्न असा विचारावा: नियम जे सांगतात आणि पात्रं जे बोलतात ते एकच आहे का? डिसेंबर २०२५मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरलेला 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३' फ्रान्समध्ये बनला आहे, पण त्याचा साचा जुन्या जपानी गेमचा. तो नावाजला गेला त्यात गोष्टीचा वाटा होताच. शिवाय त्यात शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवावा लागतो, त्यामुळे आळीपाळीच्या लढाईतही हात मोकळे राहत नाहीत आणि जीव सतत टांगणीला लागतो. मृत्यूची तारीख ठरलेल्या माणसांच्या गोष्टीला असाच नियम हवा.

आपल्याकडे याचं उदाहरण फार जुनं आहे. मोक्षपट, ज्याचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, शेवटचं घर मोक्षाचं. खेळणं आणि शिकवण यांत फटच नाही. इंग्रजांच्या देशात जाऊन, आणि मग जगभर फिरून, त्याची सापशिडी झाली. फासे तेच, साप तेच, गोष्ट गेली. आज पोरं ९८वर साप गिळतो म्हणून चिडतात, पण तो साप कोणत्या पापाचा हे विचारत नाहीत. खेळ गोष्टीवाचून जगू शकतो याचा हा पुरावा म्हणा, किंवा काय हरवतं याचा.

आपल्याकडे काय घडलं

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२०मध्ये 'राजी: ॲन एन्शंट एपिक' काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी सर्कशीतली मुलगी, राजस्थानी वाडे, भिंतीवरची चित्रं, कठपुतळ्यांतून उलगडणाऱ्या पुराणकथा. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा २०१७मधला प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी गेम तडीला नेला. जगभरच्या समीक्षकांनी चित्रांचं आणि वातावरणाचं कौतुक केलं. पहिलं पदार्पण करणाऱ्यांच्या गटात 'द गेम अवॉर्ड्स'चं नामांकनही मिळालं. तक्रार एकच पुन्हा पुन्हा आली: लढाया ढिल्या आहेत, आणि गोष्ट अचानक संपते. गोष्टीचं जग उभं राहिलं, खेळ मागे पडला. पहिल्या प्रयत्नात हेही थोडं नाही.

दुसरं टोक 'फौजी'. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली आणि लगेच या देशी गेमची घोषणा झाली. २६ जानेवारी २०२१ला तो आला. विषय गलवानचा. भावना इतकी जोरदार की लाखोंनी आधीच नोंदणी केली होती. हातात घेतल्यावर लक्षात आलं की त्यात ठोसे मारत पुढे जायचं, पुन्हा ठोसे मारायचे, एवढंच आहे. उत्साह काही दिवसांत ओसरला. विषय मोठा असला म्हणजे गेम मोठा होत नाही. देशभक्ती हा काही नियम नव्हे.

तिसरी बाब पैशांची, आणि पालकांनी ही नीट वाचावी. नव्या कायद्याने पैसे लावून जिंकायच्या खेळांवर बंदी घातली. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे खेळ त्यातून वेगळे ठेवले आहेत. पण करमणुकीच्या खेळातही एक वाट आहे जिला जपानमध्ये 'गाचा' म्हणतात. गोष्ट फुकट, पण गोष्टीतलं आवडतं पात्र हवं असेल तर सोडतीसारखं पैसे टाकून नशीब आजमावायचं. जपानच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०१२मध्येच या प्रकाराचं एक उग्र रूप बेकायदा ठरवलं. इथे गोष्ट आणि खेळ दोन्ही आमिष असतात, खरा धंदा सोडतीचा. मुलगा-मुलगी फोनवर 'गोष्टीचा गेम' खेळतायत म्हणून निश्चिंत होण्याआधी, त्यात पैसे टाकण्याचं बटण कुठे आहे ते बघा.

कुंडलचा गेम कसा असेल?

पलूस तालुक्यातलं कुंडल हे प्रतिसरकारचं ठाणं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली साताऱ्याच्या, म्हणजे तेव्हा ज्यात आजची सांगलीही होती त्या मुलखात, शेकडो गावांनी इंग्रजांचं राज्य बाजूला सारून आपला कारभार चालवला. न्यायनिवाडे केले, साधी कमी खर्चाची लग्नं लावली, सावकार-गुंडांना वठणीवर आणलं. जी. डी. बापू लाड यांच्यासारखे तरुण तुफान सेनेत होते. आज ना उद्या यावर गेम काढायची कल्पना कुणाला तरी सुचणार, आणि राज्याचं धोरण पाहता त्याला पैसेही मिळू शकतात.

तो 'फौजी'च्या वाटेने गेला तर नाना पाटलांचा फेटा घातलेला बाहुला इंग्रज शिपायांवर गोळ्या झाडत सुटेल. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवली, त्याचा एक 'मिशन' होईल. जिंकलं की पडद्यावर येईल: लूट मिळाली.

हाच शब्द अडचणीचा आहे. 'लूट' हा आपला शब्द इंग्रजीत गेला, तिथून व्हिडिओ गेममध्ये आला, आणि आता गावोगावची मुलं बीजीएमआय खेळताना तो सहज वापरतात: आधी लूट कर, मग पुढे जा. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, शेणोलीच्या कारवाईत अग्रभागी होते. 'आम्ही गाडी लुटली' हे त्यांना मान्य नव्हतं. इंग्रजांनी लोकांकडून लुटलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते नोंदवून ठेवलं आहे. २०२२च्या फेब्रुवारीत, शंभरीच्या उंबरठ्यावर, भाऊ गेले.

आता गेममध्ये गाडीतला पैसा तुमच्या पात्राच्या खिशात गेला, त्यातून चांगली बंदूक घेता आली, तर संवादात कितीही 'हा जनतेचा पैसा' म्हणवून घ्या, नियमाने त्यांना दरोडेखोर ठरवलं. जे ब्रिटिश सरकार म्हणत होतं तेच. उलट तो पैसा गावांच्या वाट्याला जाईल आणि त्यामुळे रात्री दार उघडणारी घरं वाढतील, असा नियम केला तर एकही भाषण न लिहिता कॅप्टन भाऊंचं म्हणणं खेळणाऱ्याला कळेल. प्रतिसरकारच्या नावावर खरोखर दरोडे घालणारेही होते आणि त्यांचा बंदोबस्त तुफान सेनेलाच करावा लागला. मिल्युडाच्या प्रसंगाइतकी अवघड निवड इथे आयती पडली आहे: समोरचा गरीब आहे, उपाशी आहे, तुमच्याच गावचा आहे, आणि त्याने तुमच्या नावावर लुबाडलंय.

नकाशाही तयार आहे. कुंडल आणि त्याच्या शेजारची किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात. तिथे कार्यकर्त्यांना आसरा मिळत असे, चार मैलांवर खालसा मुलूख, तिथे पोलीस. चौकोनांच्या पटावर याहून चांगली सरहद्द कल्पनेनेही सुचणार नाही. पुणे-मिरज रेल्वेमार्ग पटाच्या मधून जातो.

एक धोका मात्र सांगायला हवा. 'टॅक्टिक्स' काल्पनिक राज्याबद्दल आहे, त्यामुळे मिल्युडाला मारायला लावलं तरी कुणाच्या आजीचा अपमान होत नाही. शेणोलीच्या गाडीवर गेलेल्या माणसांची नातवंडं आज कुंडलमध्ये राहतात. त्यांना न विचारता नियम लिहिले, तर गेम निघायच्या आधीच वाद निघेल, आणि तो रास्त असेल.

खेळून बघायचा असेल तर

नवी आवृत्ती प्लेस्टेशन, स्विच, एक्सबॉक्स आणि संगणकावर चालते. त्याआधीची 'वॉर ऑफ द लायन्स' ही २००७ची आवृत्ती अँड्रॉइड आणि आयफोनसाठीही काढलेली आहे. मराठी किंवा हिंदी नाही, इंग्रजी वाचावं लागतं, आणि तेही जुन्या वळणाचं. मधली पातळी घ्या, पहिला अध्याय संपेपर्यंत ती बदलू नका. रामझाला एक तरी लढाऊ पेशा नीट शिकवा. आणि रिओव्हानेस किल्ल्याच्या आधी दोन वेगवेगळ्या सेव्ह ठेवा.